गोलातली समोरची जागा

आमच्या शाळेतल्या छोट्या गटाच्या वर्गात फरशीवर ऑइलपेंटनं एक मोठा गोल काढलेला आहे. तो मीच काढला, दिवाळीच्या सुट्टीत, गुडघ्यांवर रांगत. पेंटरला सांगितलं असतं तर त्यानं मधोमध कमळ काढलं असतं आणि खाली स्वतःचा मोबाइल नंबर. गोलावर रंगीत ठिपके आहेत, प्रत्येक मुलाला एक. कुणी कुठं बसायचं ते मी सांगत नाही. पहिल्या दिवशी जो जिथं बसेल ती त्याची जागा, आणि मग त्या जागेवरून वर्षभर मारामाऱ्या.

शाळा हायवेला लागून आहे, नळदुर्ग आणि उमरग्याच्या मधे. नाव इंग्रजी, पाटी इंग्रजी, गणवेशाला टायसुद्धा आहे. मुलं मात्र इथलीच. कुणी घरी कन्नड बोलतं, कुणी दखनी, बाकीचे मराठी, आणि मराठी म्हणजे "मिस, ह्यो मला ढकलायलाय." मी मूळची धाराशिवची, बी. ए. मराठी. इंग्रजी शिकवायला मला का घेतलं, तर मुलाखतीला आलेल्या बायकांमध्ये चार वर्षांच्या पोरांना न घाबरणारी मी एकटीच होते. माझं इंग्रजी पोरांपेक्षा दोन पावलं पुढं असायचं, बस. ती दोन पावलं मी रोज रात्री मोबाइलवर बघून टाकायची.

सकाळचा पहिला अर्धा तास गोलाचा. जुने मोजे कोंबून शिवलेला एक चेंडू होता. तो ज्याच्या हातात, त्यानं इंग्रजीत बोलायचं. नाव सांगायचं, आज काय खाल्लं ते सांगायचं. "आय एट भाकरी" चालायचं. "आय एट पप्पाचा मार" एकदा आलं होतं, तेही चालवून घेतलं. नंतर हातवारे करत म्हणायची गाणी. पावसाचं, बसचं, झोपलेल्या सशाचं. गाणं संपलं की मी अंगठा वर करून "गुड!" म्हणायची. त्या अंगठ्यासाठी पोरं जीव टाकायची. अंगठा मिळाल्याशिवाय खाली बसायचीच नाहीत.

ती माझ्या वर्गात आली तेव्हा चार वर्षांची होती. लाल रिबिनीच्या दोन घट्ट वेण्या आणि कपाळावर आज्जानं लावलेली विभूती. घरचं किराणा दुकान. वडील दुकानात गिऱ्हाइकांशी मराठी बोलायचे, ट्रकवाल्यांशी दखनी, आणि घरात सगळं कन्नड. तिची आई सीमेपलीकडून लग्न होऊन आलेली. पोरगी पहिल्या दिवशी वर्गात आली, सगळा गोल एकदा बघितला, आणि बरोबर माझ्यासमोरच्या ठिपक्यावर जाऊन बसली. दुसऱ्या कुणी ती जागा घेतली तर ती रडायची नाही, भांडायची नाही. त्याच्यापुढं नुसती उभी राहायची, तो उठेपर्यंत.

मला वाटलं, पोरीला माझा लळा लागला. लहान मुलांच्या बाईला एवढं पुरतं हो. कुणाला तरी आपल्या तोंडाकडं बघत बसावंसं वाटतं, या एका गोष्टीवर मी आख्खं वर्ष काढू शकते. ती माझ्यावरून नजर हलवायची नाही. मी घरी नवऱ्याला सांगितलंसुद्धा, "एक पोरगी आहे, नुसती पिते मला डोळ्यांनी."

ती बोलायची मात्र नाही. चेंडू आला की दोन्ही हातांत धरायची, माझ्याकडं बघायची आणि शेजारच्याला द्यायची. पण गाणी सुरू झाली की तिच्यासारखं कुणी नाही. पावसाची बोटं, बसची चाकं, सशाचे कान, एक हातवारा चुकायचा नाही. ओठसुद्धा हलायचे. मी व्हिडिओ काढून पालकांच्या ग्रुपवर टाकायची तेव्हा मुद्दाम तिला मधे घ्यायची.

ती गप्प का, याचं उत्तर माझ्याकडं तयार होतं. त्याच उन्हाळ्यात सोलापूरला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. तिथल्या मॅडमनी सांगितलं होतं की नवी भाषा कानावर पडायला लागली की मूल काही महिने गप्प राहतं. त्याला ओढू नका, ते ऐकतंय, साठवतंय. वेळ आली की आपोआप बोलेल. मला हे फार आवडलं होतं. वहीत लाल पेननं खाली रेघ मारली होती. याच मॅडमनी पुढं असंही सांगितलं होतं की घरची भाषा तोडू नका, आई ज्या भाषेत बोलते त्यातच तिला भरपूर बोलू द्या. ते वाक्यही माझ्या वहीत आहे. त्याच्याखाली रेघ नाही.

दिवाळीनंतर तिची आई शाळेत आली. डोक्यावरचा पदर सावरत दाराशी उभी राहिली.

"मॅडम, पोरगी घरी बी बोलंना झालीय," ती म्हणाली. "आधी मला अव्वा म्हणायची, पाणी मागायची. आता नुस्ती बोट दाखवती. हाक मारली तरी कधी बघती, कधी बघतच न्हाय."

मी हसले. आज ते हसू आठवलं की अंगावर काटा येतो. शिकलेल्या बाईचं, सगळं माहीत असलेलं हसू.

"ताई, घरी काय बोलता तिच्याशी?"

"कन्नडच की. मला मराठी मोडकंच येतंय."

"तेच तर आहे. घरी कन्नड, दुकानात मराठी, शाळेत इंग्रजी. एवढ्याशा डोक्यात किती कोंबायचं? गोंधळलीय ती. घरी कन्नड बंद करा. मोडकं का असेना, मराठी बोला. जमेल तसं इंग्रजी बोला. कम, सिट, ईट, यात काय अवघड आहे? बघा, सहा महिन्यांत तुम्हालाच म्हणावं लागेल की आता गप्प बस."

तिनं मान हलवली. जायला वळली आणि परत फिरली.

"जोगुळ बी नको?"

मला शब्द कळला नाही. तिनं हातांचा पाळणा करून हलवून दाखवला. पोरीला निजवताना ती जे गाणं म्हणायची, ते.

"काही दिवस तेही नको," मी म्हणाले.

"बरं. तुमी शिकलेली माणसं हाव. तुमी म्हणताव तसं करते."

गाणंही बंद करायला लाव, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी नाही, संस्थेनं नाही. ते माझं स्वतःचं होतं. मी माझ्या विषयात इतकी पक्की झाले होते की मला आणखी एक पायरी पुढं जावंसं वाटलं.

त्या बाईनं माझा शब्द पाळला. किती पाळावा! तिनं शाळेतून चित्रांचा तक्ता मागून नेला आणि स्वयंपाकघरात लावला. सकाळी पोरीला सोडायला आली की फाटकात उभी राहून मला हिशेब द्यायची. "मॅडम, कन्नड येक शब्द बोलत न्हाय म्या तिच्यासंगं. सासू बोलती चिडून, पर म्या न्हाय." मी म्हणायची, "शाब्बास, असंच चालू ठेवा." "पर बोलत न्हाय की वो अजून." "येईल, येईल. घाई करू नका." एकदा ती म्हणाली की तिच्यासंगं काय बोलावं तेच सुचत नाही आता, माझे मराठी शब्द लगेच संपतात, मग मी गपच राहते. मी त्यावरही काहीतरी म्हणाले असेन. काय ते आठवत नाही. बहुतेक मस्टरवर सही करत होते.

असं पहिलं वर्ष गेलं आणि दुसरंही संपत आलं. ती मोठ्या गटात गेली, आणि मोठा गटही माझ्याकडंच आला. तिनं माझ्यासमोरची जागा धरली ती धरलीच.

एका गोष्टीवरून मात्र माझं आणि तिचं बिनसलं होतं. आमचा एक खेळ होता, डोळे मिटायचा. सगळ्यांनी डोळे मिटायचे, मी हळूच एका प्राण्याचा आवाज काढायचा, आणि पोरांनी इंग्रजीत नाव ओरडायचं. ती डोळे मिटायचीच नाही. मिटल्यासारखं करायची आणि फटीतून बघायची. मी "नो चीटिंग!" म्हणून बोट दाखवायची. दोनदा तिला गोलाबाहेर बसवलं. एरवी इतकी गुणी पोरगी, इथंच का आडमुठेपणा करते, मला कळेना.

गॅदरिंगच्या आधीच्या आठवड्यात मुख्याध्यापक म्हणाले, एखादा चांगला खेळ घ्या, पालकांना दाखवू. मी आंधळी कोशिंबीर इंग्रजीत बसवली होती. एकाचे डोळे बांधायचे, बाकीच्यांनी "कम", "स्टॉप", "टर्न" म्हणत त्याला खुर्चीपर्यंत आणायचं. पोरांना वेड लागलं होतं त्याचं. त्या दिवशी तिची पाळी आली आणि तिनं डोक्याला दोन्ही हात लावून नाही नाही केलं. पोरं हसली. मला चिडायला वेळ लागत नाही, हे माझ्या वर्गाला पहिल्या आठवड्यातच कळतं. मी माझा रुमाल काढला, तिला मधे उभं केलं आणि रुमालाची गाठ जरा करकचूनच बांधली. म्हटलं, आज बघू कशी फटीतून बघतेस.

"कम! कम!" पोरं ओरडायला लागली. ती हलली नाही. हात पुढं करून उभी राहिली. "स्टॉप" म्हणायची गरजच नव्हती. मी खुर्चीमागून तिला नावानं हाक मारली. मग मराठीत म्हणाले, "ये बाळा, इकडं ये." मग मला येत असलेलं एकुलतं एक कन्नड वाक्य म्हणाले, "इल्ली बा." दोन वर्षांत तिच्याशी कन्नडचा एक शब्द मी पहिल्यांदा बोलत होते. ती तशीच. मी तिच्या मागं जाऊन कानाजवळ टाळी वाजवली. तिच्या वेणीचा केससुद्धा हलला नाही.

आणि मग ती ओरडली. शब्द नव्हता त्यात. अंधारात एकट्या पडलेल्या पोराचं जसं फुटतं तसं ओरडणं. दोन वर्षांत तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मी गाठ सोडायला गेले तर सुटेना, मीच आवळलेली. रुमाल ओढून वर केला, आणि तिचे डोळे झटकन माझ्या तोंडावर आले. डोळ्यांवर नाही, तोंडावर. ओठांवर. तेव्हा मला कळलं की ही माझ्यासमोर का बसते.

मधल्या सुट्टीत बाकीच्यांना मी मैदानात पाठवलं. ती पाठमोरी उभी राहून बाटलीतून पाणी पीत होती. मी खाऊचं स्टीलचं ताट डोक्याएवढं उंच धरलं आणि फरशीवर सोडलं. शेजारच्या वर्गातली बाई धावत आली. पोरगी पाणी पीत राहिली.

घरी जाऊन मी मोबाइलमधले सगळे व्हिडिओ लावून बसले. पावसाचं गाणं, बसचं गाणं, सशाचं. आता इतकं स्पष्ट दिसत होतं. प्रत्येक हातवारा अगदी बरोबर, आणि प्रत्येक हातवारा बाकीच्यांच्या किंचित मागून. तिची नजर माझ्या हातांवर, ओठांवर. आम्ही सगळं एकत्र करायचो, एका सुरात, एका तालात. त्या गलक्यात लपून राहणं तिला किती सोपं होतं. मी तिला शिकवलं असं मला वाटत होतं. ती बिचारी दोन वर्षं एकटीच्या बळावर स्वतःला सावरत होती आणि मी अंगठा दाखवत होते.

उमरग्याच्या कानाच्या डॉक्टरांनी बघितलं आणि मशीनवरच्या तपासणीसाठी सोलापूरला पाठवलं. दुकानात तुरीच्या सीझनची उधारी-वसुली चालू होती, म्हणून वडील आले नाहीत. आई, पोरगी आणि मी, अशा तिघी गेलो. पोरीला झोपेचं औषध देऊन तारा लावल्या. दुपारी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं. चांगल्या होत्या बाई, सावकाश बोलत होत्या. तिच्या आईला कळावं म्हणून सोपं मराठी बोलत होत्या.

त्या म्हणाल्या, हे एका दिवसात झालेलं नाही. ऐकू येणं हळूहळू कमी होत गेलंय. आता जवळजवळ काहीच उरलेलं नाही. "चार वर्षांची होती तेव्हा थोडं येत असणार. लांबचं नाही, पण जवळून बोललेलं. मांडीवर घेऊन, कानाशी बोललेलं. तेव्हा मशीन लावलं असतं, घरी भरपूर बोलणं ठेवलं असतं, तर जे होतं त्यावर भाषा उभी करता आली असती. आता अवघड आहे. मशीन देऊ, पण तुम्ही खुणांची भाषा शिकवणारी शाळा बघा." मग त्यांनी सहज विचारलं, "तेव्हा कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"आलं व्हतं की," आई म्हणाली. "म्या मॅडमला सांगितलं व्हतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, तिनं सांगितलं.

"कोण मॅडम?"

"मी," मी म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. कागदावर लिहीत राहिल्या. त्यांनी मला झापायला हवं होतं. मी वर्गात इतक्या जणांना झापते, मला एकदा कुणीतरी झापायला हवं होतं.

आता मी काय करते ते सांगते, म्हणजे कुणाला वाटायला नको की मी नुसती रडत बसले. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक नव्या पोराच्या पाठीमागं जाऊन ताट पाडते. शाळेत सगळे म्हणतात, बाईंना वेड लागलंय. आणि प्रत्येक आईला सांगते, तुझ्या भाषेत बोल, दिवसभर बोल, गा, भांड, काहीही कर पण बोल. त्या माना हलवतात. मी म्हणते तसं करतात. ती पोरगी आता लांबच्या निवासी शाळेत आहे आणि हातांनी भराभर बोलते असं ऐकलं. सुट्टीत येते. मी भेटायला गेलेले नाही. जाईन असं दर सुट्टीत म्हणते.

त्या दिवशी सोलापूरहून परतताना एसटीला गर्दी नव्हती. मायलेकी खिडकीजवळ बसल्या, मी ड्रायव्हरच्या पाठीमागच्या उलट्या सीटवर, त्यांच्या बरोबर समोर. नळदुर्ग मागं पडल्यावर आईनं विचारलं, "मॅडम, तवा जवळून बोललेलं ऐकू येत व्हतं म्हणल्या न्हवं त्या?"

"हो."

"म्हंजे जोगुळ म्हणलं असतं तर ऐकू गेलं असतं तिला?"

खोटं बोलायला हरकत नव्हती. कोण तपासणार होतं? "काय माहीत ताई" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण तिनं दोन वर्षं माझा एक एक शब्द खरा मानला होता.

"हो," मी म्हणाले. "गेलं असतं."

तिनं मान हलवली, दारात उभी राहून हलवली होती तशीच. मग पोरीला उचलून मांडीवर घेतलं. सहा वर्षांची पोर, पाय लोंबकळत होते. तिनं पोरीचं डोकं खांद्याशी घेतलं, तोंड तिच्या कानाला लावलं आणि म्हणायला लागली. ते गाणं. खालच्या आवाजात, कन्नडमध्ये, थांबत थांबत, मधल्या ओळी विसरून पुन्हा पहिल्यापासून. कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन आला आणि बघून मागं गेला. बसमध्ये ते गाणं ऐकू येत होतं मला, कंडक्टरला, मागं बसलेल्या दोन म्हाताऱ्यांना.

पोरीच्या कानाला श्वास लागला असेल. तिनं डोकं मागं घेतलं आणि आईच्या तोंडाकडं बघितलं. किती दिवसांनी ते तोंड तिच्यासाठी एवढं हलत होतं. तिचा चेहरा उजळला. तिला वाटलं, गाणं सुरू झालं. ती मांडीवर ताठ बसली आणि आईच्या ओठांमागं आपले ओठ हलवायला लागली, किंचित उशिरानं. मग हात वर नेले आणि बोटं हलवत खाली आणली. पावसाची बोटं. मग बसची चाकं. मग सशाचे कान. तिला येत होतं ते सगळं तिनं केलं.

आईचा आवाज तुटला. ओठ थांबले. पोरीनंही हात थांबवले, माझ्याकडं वळली आणि माझ्या हाताकडं बघत बसून राहिली.

मी अंगठा दाखवला.